घरच्या स्विमिंग पूलसाठी फिल्टर कसा निवडायचा: ठाणे-नवी मुंबईत पूल बांधणाऱ्यांसाठी

बंगल्यात किंवा रो-हाऊसच्या अंगणात पूल करायचा ठरला की घरात टाइल्सचा रंग, कडेचा दगड, पाण्याखालचे दिवे यांवर आठवडेच्या आठवडे चर्चा होते. फिल्टर मात्र पूलवाल्यावर सोपवला जातो. टाइल्स आवडल्या नाहीत तरी पूल चालतो. फिल्टर चुकला की मे महिन्यात पाणी गढूळ राहतं, पावसाळ्यात हिरवं होतं आणि दिवाळीपर्यंत घरातलं कुणी पाण्यात उतरेनासं होतं. म्हणून हा लेख फक्त फिल्टरबद्दल आहे.

बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आमच्या घरचा छोटा पूल मी उभा करून घेतला. त्यानंतर घोडबंदर रोड आणि येऊरकडच्या नातेवाइकांच्या पूलसाठी कोटेशनं वाचायला, पंपरूम बघायला बसलो. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय: आपल्या भागात फिल्टर ठरवताना तो किती बारीक गाळतो हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की फिल्टर धुवायला पाणी कुठून आणणार आणि धुतलेलं घाण पाणी कुठे सोडणार. त्याचं उत्तर मिळालं की निम्मी निवड झालेली असते.

१. आधी पूलमध्ये किती पाणी मावतं ते काढा

फुटांत मापं घेतली असतील तर लांबी × रुंदी × सरासरी खोली, आणि उत्तराला २८.३ ने गुणा. आलेला आकडा लिटरमध्ये असतो. सरासरी खोली म्हणजे उथळ बाजूची आणि खोल बाजूची खोली मिळवून अर्धी केलेली.

उदाहरण धरू. पूल २० फूट बाय १० फूट, खोली साडेतीन ते साडेपाच फूट, म्हणजे सरासरी साडेचार. २० × १० × ४.५ = ९०० घनफूट. ९०० × २८.३ = सुमारे २५,५०० लिटर, म्हणजेच साडेपंचवीस घनमीटर. घनमीटरचा आकडा लिहून ठेवा, कारण पंप आणि फिल्टरची सगळी कोष्टकं घनमीटर प्रति तास या मापातच असतात. पुढचे सगळे हिशेब मी याच पूलवर करून दाखवतो.

घरगुती पूलचं सगळं पाणी साधारण सहा तासांत एकदा फिल्टरमधून जाईल एवढी क्षमता हवी. इथे एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही. गाळलेलं पाणी परत पूलमध्येच मिसळतं, त्यामुळे 'एक फेरी' झाली म्हणजे प्रत्येक थेंब गाळला गेला असं होत नाही. एका फेरीत साधारण ६३ टक्के पाणी फिल्टरमधून जातं, दोन फेऱ्यांत ८६ टक्के. म्हणून उन्हाळ्यात आणि पूल रोज वापरात असताना दिवसाला दोन फेऱ्यांचा हिशेब धरा.

२. तुमच्याकडे पाणी कुठलं येतं आणि घाण कसली पडते ते पाहा

नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणातून येतं. ठाण्यात भातसा, स्टेम आणि बारवी अशा वेगवेगळ्या योजनांचं पाणी वेगवेगळ्या भागांना मिळतं. धरणाचं पाणी तुलनेने मऊ असतं, फिल्टरला त्रास देत नाही. पण पूल पहिल्यांदा भरताना २५,००० लिटर नळातून कोण देणार? पूल भरतो टँकरवर, आणि टँकरचं पाणी बऱ्याचदा बोअरचं असतं. खाडीलगतच्या भागात बोअरला क्षार जास्त लागतात. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकताच पाणी तांबूस किंवा हिरवट होतं. असं पाणी कार्ट्रिजच्या घड्यांवर डाग आणि चुनखडीचा थर सोडतं, तो सहज निघत नाही.

म्हणून टँकर ठरवायच्या आधी एक बाटली पाणी तपासून घ्या: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), हार्डनेस (पाण्याचा जडपणा), लोह, पीएच (आम्लता). हा अहवाल पूलवाल्यालाही दाखवा.

घाणीचं म्हणाल तर ठाण्यात आणि नवी मुंबईत ती तीन प्रकारची. पहिली, बांधकामाची धूळ. घोडबंदर पट्ट्यात शेजारी टॉवर चढत असेल तर पूलवर रोज करड्या सिमेंटी धुळीची साय येते. ती फार बारीक असते आणि साध्या वाळूतून बरीचशी सुटते. दुसरी, पालापाचोळा. येऊरला किंवा डोंगराकडेच्या घरांना फिल्टरपेक्षा स्किमरची (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची) टोपली मोठी असणं जास्त महत्त्वाचं. तिसरी घाण आपणच आणतो: डोक्याचं खोबरेल तेल, सनस्क्रीन, दिवाळीचं उटणं, रंगपंचमीचा रंग. तेल वाळूचे कण एकमेकांना चिकटवतं आणि कार्ट्रिजच्या घड्या बुजवतं. पाण्यात विरघळलेला रंग तर कुठलाच फिल्टर पकडत नाही. पूलपाशी एक शॉवर बसवा आणि पाहुण्यांना आधी त्याखाली उभं करा. हा नियम घरात कडक ठेवला तर फिल्टरचं निम्मं काम हलकं होतं.

३. फिल्टरचे प्रकार समजून घ्या

*सँड फिल्टर.* फायबरचा गोल हंडा, आत श्रेणीबद्ध सिलिका वाळू, वर किंवा बाजूला मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (दांडा फिरवून पाण्याची वाट बदलणारा). पाणी वरून खाली जातं, घाण वाळूत अडकते. तो साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण पकडतो. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीचे कण. वाळू पाच ते सात वर्षं टिकते. धुवायचं म्हणजे मल्टिपोर्टचा दांडा 'बॅकवॉश'वर फिरवून पाणी उलट दिशेने सोडायचं. हात ओले करावे लागत नाहीत, माळ्याला किंवा वॉचमनलाही शिकवता येतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त हाच दिसतो आणि त्याचे सुटे भाग व दुरुस्ती करणारे सहज मिळतात. दोष एकच, पण मोठा: प्रत्येक बॅकवॉशला शेकडो लिटर पाणी जातं.

याच हंड्यात वाळूऐवजी काचेचा मीडिया, म्हणजे काचेचे बारीक कण, भरता येतो. तो वाळूपेक्षा बारीक गाळतो, वजनाला हलका असतो आणि तेल त्याला कमी चिकटतं. सुरुवातीचा खर्च वाढतो. धुळीच्या भागात तो खर्च करावा असं माझं मत आहे.

*कार्ट्रिज फिल्टर.* हंड्यात पॉलिएस्टर कापडाची घड्या घातलेली नळी. १० ते २० मायक्रॉनपर्यंत गाळतो, म्हणजे वाळूपेक्षा बारीक. बॅकवॉश नाही, मल्टिपोर्ट नाही, ड्रेनची वेगळी लाइन नाही. पंप बंद करायचा, झाकण उघडायचं, कार्ट्रिज बाहेर काढून बागेच्या पाइपने घडीन् घडी धुवायची. पाणी फार थोडं लागतं आणि प्रेशर कमी असल्याने पंपावर ताणही कमी. कार्ट्रिज दोन ते तीन वर्षांनी बदलावी लागते. धुण्याचं काम मात्र माणसाचं आहे, आणि ते नीट व्हावं लागतं. प्रेशर वॉशर मारला की कापड फाटतं. तेलकट झालेली कार्ट्रिज आधी तेल काढणाऱ्या क्लीनरमध्ये रात्रभर भिजवायची, स्वच्छ धुवायची, आणि क्षाराचा थर असेल तरच नंतर सौम्य ॲसिडमध्ये घालायची. क्रम उलटा केला तर तेल कापडात कायमचं बसतं.

*डी.ई. फिल्टर.* डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाच्या जीवाश्मांची पांढरी पावडर जाळ्यांवर बसते आणि ती पाणी गाळते. तीन ते पाच मायक्रॉन, म्हणजे या तिघांत सगळ्यात बारीक. पाणी असं चकचकीत होतं की बघत राहावं. पण प्रत्येक बॅकवॉशनंतर नवी पावडर घालावी लागते, चौरस मीटरला साधारण अर्धा किलो. पावडर न घालता पंप चालवला तर जाळ्या चोंदतात. पावडरीतली सिलिका फुप्फुसांना घातक, त्यामुळे ती हाताळताना मास्क लागतोच. आणि वाहून गेलेली पावडर शोषखड्डा बुजवते. घरगुती पूलसाठी मी आपल्या भागात हा सुचवत नाही. रोज लक्ष देणारा प्रशिक्षित माणूस ठेवणार असाल तरच विचार करा.

*पाइपलेस युनिट.* पूलच्या भिंतीवर अडकवायचं एकसंध यंत्र: आत पंप, बॅग किंवा कार्ट्रिज, कधी दिवाही. आधीच बांधलेल्या टाकीचा पूल करायचा असेल, किंवा गच्चीवरचा छोटा पूल असेल आणि वॉटरप्रूफिंग फोडून पाइप घालायचे नसतील, तर हा चांगला पर्याय. तळाचं पाणी मात्र नीट फिरत नाही, त्यामुळे ब्रश आणि व्हॅक्यूम जास्त वेळा करावं लागतं. सुटे भाग त्याच कंपनीचे लागतात, म्हणून सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विकत घेण्याआधी विचारा.

४. बॅकवॉशचं पाणी कुठे जाणार ते कागदावर ठरवा

आपल्या उदाहरणातल्या पूलला पाचशे मिलिमीटर व्यासाचा सँड फिल्टर आणि ताशी आठ घनमीटरचा पंप धरा. तीन मिनिटं बॅकवॉश म्हणजे ४०० लिटर, वर एक मिनिट रिन्स (वाळू परत बसताना निघणारं पाणी पूलमध्ये न घेता बाहेर सोडणं) म्हणजे आणखी १३० लिटर. आठवड्यातून एकदा केलं तरी महिन्याला दोन हजार लिटरच्या वर गेलं. उन्हाळ्यात बाष्पीभवन रोज पाच मिलिमीटर धरलं तर याच पूलमधून दिवसाला आणखी नव्वद-एक लिटर उडतं. एप्रिल-मे महिन्यात पाणीकपात सुरू झाली की हे पाणी टँकरनेच भरून काढायचं असतं. हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवूनच सँड फिल्टरला हो म्हणा.

आता ते ४०० लिटर जाणार कुठे? तीन मिनिटांत एवढं पाणी अंगणातल्या साध्या दोन इंची नाळीत सोडलं तर ती तुंबते आणि शेजाऱ्याच्या दारात जाते. रो-हाऊसमध्ये भांडणं इथूनच सुरू होतात. पावसाळी गटारात सोडायचा मोह होतो, पण ठाणे काय, नवी मुंबई काय, पावसाळी गटारं शेवटी खाडीला मिळतात. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे. क्लोरीनचं पाणी थेट तिकडे जाऊ देऊ नका. ते सांडपाण्याच्या चेंबरला जोडून घ्या, आणि जोडणीआधी वॉर्ड ऑफिसात तसंच सोसायटीत विचारून परवानगीचा कागद घ्या.

बाग असेल तर माझी पसंती वेगळी आहे. बॅकवॉशच्या लाइनखाली बॅकवॉश आणि रिन्स दोन्हींचं पाणी मावेल एवढी एक टाकी ठेवा. दोन दिवस उघड्यावर, उन्हात राहिलं की क्लोरीन उडून जातं, गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी झाडांना देता येतं. पूल मिठाच्या क्लोरिनेटरवर (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्रावर) असेल तर हे करू नका, झाडं जळतात.

ड्रेनची सोय होतच नसेल तर कार्ट्रिज घ्या. यावर फार घोळ घालू नका.

५. पंप आणि फिल्टरची जोडी जमवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

सँड फिल्टरच्या माहितीपत्रकात 'क्षमता' म्हणून जो आकडा छापलेला असतो तो बहुधा ताशी ५० मीटर वेगाला काढलेला असतो. पाचशे मिलिमीटरच्या हंड्यात वाळूचा पृष्ठभाग ०.१९६ चौरस मीटर. त्याला ५० ने गुणलं की ताशी जवळजवळ दहा घनमीटर, आणि हाच आकडा ठळक छापतात. प्रत्यक्षात पाणी वाळूतून जितकं सावकाश जातं तितकं चांगलं गाळलं जातं. ३० मीटर वेगाला तोच हंडा सहा घनमीटर देतो. पाणी जास्त स्वच्छ हवं असेल तर हंडा मोठा घ्या.

मग खूप मोठा हंडा आणि छोटा पंप घेतला तर? तेही चालत नाही, कारण बॅकवॉशला उलट नियम आहे. वाळूचा थर उचलला जाऊन मोकळा व्हायला पाणी ताशी ३७ ते ४० मीटर वेगाने वर यावं लागतं. पाचशेच्या हंड्याला म्हणजे ताशी सात-साडेसात ते आठ घनमीटर. पंप त्याहून कमी पाणी देत असेल तर बॅकवॉश केल्यासारखं दिसतं, पण वाळू खाली दबलेलीच राहते. काही महिन्यांत तिच्यात तेलकट गोळे होतात, आणि मग पाणी गाळलं न जाता वाळूतल्या भेगांमधून निसटतं. तुम्ही क्लोरीन वाढवत राहता, पाणी मात्र धूसरच.

म्हणून आपल्या साडेपंचवीस घनमीटरच्या पूलसाठी माझी निवड अशी: पाचशेचा हंडा, ताशी आठ घनमीटर देणारा पंप. एक फेरी सव्वातीन तासांत होते, दोन फेऱ्या साडेसहा तासांत. बॅकवॉशही पुरेशा जोरात होतो. दोन वेगांचा किंवा वेग बदलता येणारा पंप परवडत असेल तर रोजचं गाळणं सावकाश आणि बॅकवॉश जोरात असं दोन्ही साधतं.

पंप 'किती एचपीचा' हे विचारून काही कळत नाही. 'दहा मीटर हेडला (म्हणजे दहा मीटर उंचीइतक्या विरोधाला) ताशी किती घनमीटर' असं विचारा आणि पंपाचा कर्व्ह, म्हणजे कुठल्या हेडला किती पाणी मिळतं याचा आलेख, मागा. पाऊण एचपीचा पंप तासाला साधारण पाऊण ते एक युनिट वीज घेतो. रोज साडेसहा तास म्हणजे महिन्याला दीडशे-दोनशे युनिटं. महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्याप्रमाणे चढतात, त्यामुळे पूलच्या पंपाने बिल वरच्या टप्प्यात जातं. हे आधीच धरून ठेवा.

कार्ट्रिजचा हिशेब सोपा आहे. ताशी आठ घनमीटरसाठी साधारण १०० चौरस फूट कापडाची कार्ट्रिज मागा. २५-३० चौरस फुटांचं छोटं युनिट याच पूलला 'चालेल' म्हणून गळ्यात मारलं जातं. चालतंही, पण दर दोन-तीन दिवसांनी धुवावं लागतं, आणि महिन्याभरात धुणारा कंटाळतो.

पाइपांत कंजुषी नको: सक्शनला (पूलमधून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपला) ६३ मिलिमीटर, रिटर्नला (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत सोडणाऱ्या पाइपला) ५०. तळाला सक्शनची दोन तोंडं, एकमेकांपासून लांब, आणि दोन्हींवर केस किंवा हात अडकणार नाही अशा घुमटाकार जाळ्या. घरात लहान मुलं असतील तर यावर कुणाचंही ऐकू नका. एकच तोंड आणि सपाट जाळी असेल तर पंपाची ओढ मूल तळाशी धरून ठेवू शकते.

६. कुठल्या घराला कुठला

ड्रेन आहे, पाणी मिळतं, देखभाल माळी किंवा पूलबॉय करणार: सँड फिल्टर. शेजारी बांधकाम चालू असेल तर काचेचा मीडिया.

रो-हाऊस, पाण्याची ओढ, ड्रेनची अडचण, आणि घरातलं कुणीतरी स्वतः लक्ष घालणार: कार्ट्रिज, आणि सोबत दुसरी कार्ट्रिज राखीव. एक धुऊन वाळत असताना दुसरी कामाला लागते, पूल बंद राहत नाही. मात्र टँकरचं पाणी खूप क्षारयुक्त आणि लोहाचं असेल तर मी कार्ट्रिजला नाही म्हणेन.

गच्चीवर पूल असेल तर फिल्टरचा प्रश्न नंतर येतो. एक मीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक हजार किलो भार, त्यावर वाळूने भरलेला शंभर किलोचा हंडा. स्ट्रक्चरल इंजिनीअरचं लेखी पत्र मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते मिळालं तर कार्ट्रिज किंवा पाइपलेस.

७. कोटेशन मागताना हे कागद जवळ ठेवा

- पूलचा नकाशा: मापं, दोन्ही बाजूंची खोली, पंपरूमची जागा, पंप पाण्याच्या पातळीच्या वर की खाली
- पाणी तपासणी अहवाल
- सोसायटीचं किंवा महापालिकेचं जे लागू असेल ते संमतिपत्र, आणि ड्रेन जोडणीचा कागद
- गच्ची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र

आणि पूलवाल्याकडून लेखी मागायचं ते असं: फिल्टरचा व्यास किंवा कार्ट्रिजचं क्षेत्रफळ, पंपाचा कर्व्ह, वाळूचा आकार आणि वजन, पाइपांचे व्यास, हंड्याची, व्हॉल्व्हची आणि पंपाची वेगवेगळी वॉरंटी, जीएसटी बिल. कोटेशनमध्ये नुसतं 'फिल्ट्रेशन प्लांट, १ नग' लिहिलेलं असेल तर ते परत पाठवा. दोन कोटेशनांची तुलना करायला त्यात काहीच नसतं.

८. बसवताना स्वतः उभे राहा

हंड्यात वाळू भरतात त्या दिवशी घरी थांबा. हंड्याच्या तळाशी पाण्याच्या नळीला चक्राच्या आऱ्यांसारख्या बारीक फटींच्या प्लास्टिक नळ्या जोडलेल्या असतात, त्यांना लॅटरल म्हणतात. वाळूची गोणी वरून धाडकन ओतली की त्या तुटतात. बाहेरून काही कळत नाही, पण पंप सुरू केला की पूलमध्ये रिटर्नच्या तोंडाखाली वाळूची छोटी रास जमू लागते. म्हणून आधी हंडा अर्धा पाण्याने भरून घ्यायला सांगा, मधल्या उभ्या पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, आणि वाळू हळूहळू, चारी बाजूंनी ओता. वाळू सिलिकाची, साधारण ०.४ ते ०.८ मिलिमीटरची हवी. साइटवर उरलेली चाळलेली रेती मुळीच चालत नाही, तिच्यात माती असते आणि कण लहानमोठे असतात.

वाळू भरली की पहिलं काम बॅकवॉश. नव्या वाळूची भुकटी आधी बाहेर जाऊ दे. मल्टिपोर्टला एक काचेचा छोटा डोळा असतो, त्यातलं पाणी नितळ दिसेपर्यंत चालू ठेवा, मग रिन्स, मग फिल्टर.

आता प्रेशर गेज पाहा. आपले प्लंबर 'किलो' म्हणतात ते मोजमाप, म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर. स्वच्छ वाळूला पंप चालू असताना काटा जिथे उभा राहतो तिथे गेजच्या काचेवर परमनंट मार्करने रेघ ओढा. पुढची काही वर्षं फिल्टर कधी धुवायचा हे ती रेघ सांगेल.

पंपाला स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) लागतोच. पंपरूममध्ये पाणी साचू नये म्हणून जमिनीला उतार द्या. फिल्टर पाण्याच्या पातळीच्या खाली बसत असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह हवेत, नाहीतर झाकण उघडताच पूल पंपरूममध्ये येतो.

९. चालवताना

काटा रेघेच्या वर ०.५ ते ०.७ किलो चढला की बॅकवॉश करा किंवा कार्ट्रिज धुवा. त्याआधी करू नका. थोडी मळलेली वाळू नव्या वाळूपेक्षा बारीक गाळते, त्यामुळे रोज बॅकवॉश करणाऱ्याचं पाणीही जातं आणि पूलही धूसर राहतो. काटा रेघेच्या खाली उतरला तर फिल्टर ठीक आहे, सक्शन अडलंय. स्किमरची आणि पंपाची टोपली बघा.

मल्टिपोर्टचा दांडा पंप बंद केल्याशिवाय कधीही फिरवू नका. आतलं चाकासारखं गॅस्केट फाटतं. मग फिल्टर चालू असतानाही ड्रेनमधून थेंब थेंब पाणी जात राहतं आणि तुम्ही पूलला गळती शोधत बसता. दांडा मधेच अर्धवट ठेवणंही तितकंच वाईट.

कार्ट्रिजचं झाकण उघडण्याआधी पंप बंद, वरचा हवेचा स्क्रू सैल, आणि गेजचा काटा शून्यावर. आत हवा दाबलेली असताना क्लॅम्प सैल केला तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. परत सुरू करतानाही हंड्यावर वाकून उभे राहू नका.

फिल्टर जंतू मारत नाही, ते क्लोरीनचं काम. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.६ ठेवा. पंपरूममध्ये क्लोरीन आणि ॲसिड शेजारी ठेवू नका, एकत्र आले तर विषारी वायू होतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि क्लोरीन पावडरही एकमेकांत मिसळू देऊ नका, आग लागू शकते. दोन्हींना वेगळा डबा, वेगळा चमचा.

पाणी गढूळ झालं की लोक तुरटी टाकायला सांगतात. सँड फिल्टरवाल्यांना ती चालते, पण पद्धतीने: रात्री टाकायची, पंप बंद, सकाळी तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमने मल्टिपोर्ट 'वेस्ट'वर ठेवून थेट बाहेर काढायचा. 'फिल्टर'वर ठेवून ओढला तर तोच चिकट गाळ वाळूत जाऊन बसतो. तुरटीने पीएच उतरतो, तो नंतर तपासा. कार्ट्रिजवाल्यांनी तुरटीला हातच लावू नये, घड्या एका दिवसात बंद होतात.

आणि पाणी कितीही कमी गढूळ वाटत असो, खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी कुणालाही उतरू देऊ नका. बुडालेलं माणूस त्या पाण्यात दिसत नाही.

१०. पहिला पावसाळा

जूनमध्ये पंप बंद करून पूल झाकून ठेवावा असा सल्ला मिळेल. ऐकू नका. पावसाचं पाणी क्लोरीन आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) दोन्ही पातळ करतं, वाऱ्याबरोबर माती आणि पानं येतात, आणि थांबलेलं पाणी तीन-चार दिवसांत हिरवं होतं. शेवाळ एकदा धरलं की कार्ट्रिज तासाभरात बुजते आणि वाळूला दिवसातून दोनदा बॅकवॉश लागतो. त्यापेक्षा रोज एक फेरी चालू ठेवा, स्किमरची टोपली रोज रिकामी करा आणि मोठ्या सरीनंतर क्लोरीन मोजा. पूल ओसंडू लागला तर तेच जादा पाणी बॅकवॉशला वापरा. या चार महिन्यांत सँड फिल्टरवाल्यांना पाण्याची चिंता नसते, वाळू मनसोक्त धुऊन घ्या.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की सँड फिल्टरचं झाकण एकदा उघडून वाळूत हात घाला. वाळू सुटी, भुसभुशीत लागली पाहिजे. ढेकळं लागली, वर तेलकट थर असला किंवा मधे खड्डा पडलेला दिसला, तर वाळू साफ करणाऱ्या क्लीनरने रात्रभर भिजवून बॅकवॉश द्या. तरीही ढेकळं राहिली तर वाळू बदला. कार्ट्रिजवाल्यांनी दोन्ही कार्ट्रिज क्लीनरमध्ये भिजवून, उजेडासमोर धरून बघाव्यात. कापडातून कुठे थेट उजेड दिसला, टोकाची रबरी कड सुटलेली दिसली, तर उन्हाळ्याची वाट न पाहता तेव्हाच नवी मागवा. एप्रिलमध्ये सगळेच मागवतात आणि हवं ते माप हाताशी मिळत नाही.